एर्कुलानोचा नवस

२९ मार्च, रविवार

निवडणूक जाहीर झाली. दुपारी ओडिलियाचा फोन आला. "आई, ऐकलंस का?" मी म्हटलं, ऐकलं. एर्कुलानो असता तर एव्हाना हातोडा घेऊन अंगणात त्याच्या नारिंगी पक्षाची पाटी ठोकत असता आणि शेजारचं कुत्रं भुंकत असतं.

ही वही ओडिलियानेच आणून दिली. नोव्हेंबरात एर्कुलानोला, तिच्या बापाला, पुरलं तेव्हापासून ती म्हणते आहे, बोलत नाहीस तर निदान लिही. लिहिण्यासारखं काही घडत नव्हतं. सकाळी मी पाव भाजून खाते, संध्याकाळीही पावच. मागच्या गराजमध्ये आमचं मोठं स्वयंपाकघर आहे, तिकडे मी गेलेले नाही. किल्ली खिळ्याला लटकते आहे.

आज लिहायला बसले, कारण मला त्याचा नवस आठवला.

मागच्या निवडणुकीच्या दुसऱ्या दिवशी देओलिंदाच्या बेकरीत, सगळ्यांच्या देखत, टोपी काढून एर्कुलानो म्हणाला होता, "आयोना बेकफर्ड निवडून आली, तर सबंध मतदारसंघाला पवित्र आत्म्याचं सूप घालीन." आमच्याकडे पवित्र आत्म्याच्या सणाला येईल त्याला हे मांस-कोबीचं सूप पावावर फुकट वाढतात. आयोना तेव्हा नारिंगी पक्षातर्फे तिसऱ्यांदा पडली होती. आमचा शेजारी अमान्सियो लाल पक्षाचा. तो म्हणाला, "मग तू निश्चिंत मर, कोंपाद्रे. एक कांदासुद्धा चिरावा लागणार नाही तुला." सगळी बेकरी हसली. एर्कुलानोही हसला, पण टोपी त्याने लगेच घातली नाही. म्हणजे नवस खरा होता.

आणि मेलेल्याचा नवस मागे राहिलेल्याने फेडायचा असतो. आम्ही ज्या पोर्तुगीज बेटावरून आलो तिथे हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे.

आयोना परत उभी आहे.

३१ मार्च, मंगळवार

वर्तमानपत्रात टोरंटोच्या एकेका मतदारसंघाची माहिती येते आहे. आज आमचा ग्लॅडविन पार्क आला. मी दोनदा वाचलं. लोकसंख्या एक लाख दहा हजार. निम्म्याहून जास्त भाडेकरू. रेल्वेच्या रुळांपलीकडे उंच काचेच्या इमारती, तिथे तरुण लोक, त्यांचं मत डळमळीत. अलीकडे जुन्या पोर्तुगीज गल्ल्या, तिथले म्हातारे पिढ्यान्‌पिढ्या लाल. ज्या सरकारने आत घेतलं त्याला मत, हा त्यांचा हिशेब. लाल पक्षाचे मिस्टर रॉस्टन एकोणीस वर्षं खासदार. शेवटी लिहिलं होतं, "लाल पक्षाचा बालेकिल्ला. बदलाची शक्यता नगण्य."

नगण्य. वाचून फार बरं वाटलं. एक लाख दहा हजार माणसांना सूप घालायचं म्हणजे किती मांस लागेल, याचा विचार मी सकाळपासून करत होते.

बरं वाटल्याची मग लाज वाटली. त्याचा आयोनावर जीव होता. ती बस चालवायची आणि तो गवंडी. रोज पहाटे तो तिच्याच बसने कामावर जायचा. "जी बाई एवढ्या बर्फात वेळेवर येते, ती संसदेतही वेळेवर जाईल," हे त्याचं सगळं राजकारण.

३ एप्रिल, गुड फ्रायडे

चर्चमधून येताना अमान्सियो भेटला. हा आमच्या ओडिलियाचा बाप्तिस्म्याचा धर्मपिता, म्हणून एर्कुलानोला कोंपाद्रे म्हणायचा, मला कोमाद्रे म्हणतो. निवृत्त प्लंबर आहे. आमच्या गल्लीतल्या सगळ्या लाल पाट्या त्याच्याच हातच्या.

"कोमाद्रे, यंदा तुमचं अंगण रिकामं. एक लाल पाटी लावू का? शोकाच्या काळ्या कपड्यांवर लाल खुलून दिसेल."

"तुझ्या डोक्यात ठोक."

"हे बघा! एर्कुलानो बोलला तुमच्या तोंडून." तो हसला आणि मग डोळे पुसायला लागला. एर्कुलानोशी तो तीस वर्षं रोज भांडला. आता त्याला भांडायला माणूस उरलेला नाही.

मी त्याला नवसाचं विचारलं. तो म्हणाला, "काळजी सोडा. ती बाई पडणार. पडण्यात तिचा हात धरणारा कुणी नाही."

९ एप्रिल, गुरुवार

तरी जिवाला स्वस्थता नाही. चार जाणत्या माणसांना विचारावं असं ठरवलं. फक्त सल्ला.

आधी देओलिंदाकडे गेले. बेकरीत गर्दी होती, पण तिने सगळ्यांना गप्प केलं आणि म्हणाली, "बोल इदालिना." मी विचारलं, सबंध मतदारसंघ म्हणजे अक्षरशः सबंध का? यावर बरीच चर्चा झाली. एक म्हातारी म्हणाली, "मी रुळांपलीकडे राहते, मी धरून ना?" दुसरी म्हणाली, "सूप पुदिना घालून करणार की नुसतं?" मी म्हटलं, अहो, अजून ती निवडून कुठे आली आहे! तेव्हा देओलिंदा म्हणाली, "नवस एर्कुलानोचा गं. बिचारा तिकडे वर ताटकळत बसलाय."

मग केस कापायला गेले, तिथेही विचारलं. मग शिवणाच्या मंडळात. मग ज्या दातांच्या दवाखान्यात मी सत्तावीस वर्षं काउंटरवर होते तिथे, कारण तिथली लुझिया फार विचारी आहे. खुर्चीत तोंड उघडून बसलेला पेशंटसुद्धा काहीतरी म्हणाला, पण कळलं नाही.

सल्ला कुणाचाच उपयोगी पडला नाही. सगळे एवढंच विचारतात, जेवण कधी?

१४ एप्रिल, मंगळवार

आमच्या चर्चच्या पाद्रे बेल्मिरोंकडे गेले. ते शांत माणूस आहेत. म्हणाले, "बाई, नवस जेवू घालण्याचा असतो, जेवायला लावण्याचा नसतो. टेबल मांडा, दार उघडं ठेवा. येतील ते येतील."

मोठा भार उतरला. एक लाख दहा हजार काही येणार नाहीत.

मग मी विचारलं, आणि आयोना पडली तर?

"तर नवस लागूच होत नाही. सुटलात तुम्ही."

सुटले, असं मीही म्हटलं. घरी येईपर्यंत मी तेच म्हणत होते. ट्राममध्ये एका बाईने जागा दिली, तिलाही बहुतेक म्हटलं.

परवाच्या रविवारीही पाद्रेंनी प्रवचनात दिलेल्या शब्दाबद्दल सांगितलं होतं. माझं नाव घेतलं नाही, पण चर्चभर सगळ्या माना माझ्याकडे वळल्या.

२० एप्रिल, सोमवार

आज आयोना स्वतः आली. बसचा गणवेश अंगावर, बरोबर तिची वकीलबाई. मी कॉफी केली. घरात पावाशिवाय काही नव्हतं, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मिस इदालिना," आयोना म्हणाली, "मी दारोदार फिरते आहे ना, तर काय होतंय सांगू? चौथ्यांदा उभी आहे मी. तुमच्या गल्ल्यांत लोक मला पाहून दार लावून घ्यायचे. आता दार उघडतात आणि विचारतात, सूपवाली बाई तूच का?"

वकीलबाईला हसू आलं नाही. मतासाठी जेवण देऊ करणं हा गुन्हा आहे म्हणे. लाल पक्षातलं कुणीतरी कुजबुजायला लागलंय. "तुम्ही कुणाला बोलला आहात का याबद्दल?"

"नाही हो. फक्त सल्ला विचारला."

"किती जणांना?"

मी आठवून सांगायला लागले. ती मध्येच पाणी प्यायली.

आयोना मात्र हसत सुटली. गडगडाटी हसते ती, कपाटातल्या बश्या वाजतात. "मला ते आठवतात हं," ती म्हणाली. "पहाटेची पहिली बस. रोज चढताना म्हणायचे, गुड मॉर्निंग, माझ्या खासदारीणबाई. मी तीनदा पडले तरी तेच. मी म्हणायची, अहो मिस्टर एर्कुलानो, पडले मी. ते म्हणायचे, बस थोडी लेट आहे, एवढंच."

हे मला त्याने कधीच सांगितलं नव्हतं.

त्या गेल्यावर मी बराच वेळ किल्लीकडे बघत बसले. मग ठरवलं. आयोना जिंकली तरी सूप होईल, हरली तरी होईल. मत कुणालाही द्या, देऊच नका, सूप सगळ्यांना. म्हणजे गुन्हाही नाही आणि कुजबुजही नाही. वकीलबाईला फोन केला. ती म्हणाली, "हे सगळ्यांना स्पष्ट सांगाल का?"

सांगते म्हटलं.

२५ एप्रिल, शनिवार

पाच दिवस पायांचे तुकडे पडले. ज्यांना ज्यांना नवसाबद्दल बोलले होते त्यांच्याकडे परत गेले. त्यांनी ज्यांना सांगितलं होतं त्यांच्याकडेही गेले. दर दारात एकच वाक्य: सूपसाठी आयोनाला मत देऊ नका, सूप असंही आहेच.

काही घरांत त्यांना नवस माहीतच नव्हता, तेव्हा तो आधी सांगावा लागला आणि मग त्यासाठी मत देऊ नका असं सांगावं लागलं. ठिकठिकाणी बसवून घेतलं, खायला घातलं. डुकराच्या मांसाचे चोरिसो, अंजिराचा मुरंबा, एका घरी तर आख्खं रात्रीचं जेवण. मी दोनदा वाढून घेतलं, कारण नाही म्हणणं बरं दिसलं नसतं.

देओलिंदा ऐकून कपाळाला हात लावून म्हणाली, "वेडी आहेस का! सूप कुणीही करतं. हरल्यावर केलंस तर ते तुझं सूप. त्याचा शब्द त्याच्याच अटीवर फिटायला हवा, नाहीतर तो तसाच लटकत राहील."

बेकरीतल्या बायका मान डोलावत होत्या. मी म्हटलं, ते आता देवाच्या हातात. देओलिंदा म्हणाली, "देवाच्या हातात पेन्सिल देतात का मतदान केंद्रात?" मला समजलं नाही तिला काय म्हणायचंय. ती थकलेली असते दुपारी.

अमान्सियोने रस्त्यातच गाठलं. "कोमाद्रे! पाया पडतो, घरी बसा! आमचा सगळा पक्ष महिनाभरात जेवढी दारं फिरला नाही, तेवढी तुम्ही पाच दिवसांत फिरलात!"

"मी काय मतं मागतेय? उलट देऊ नका म्हणते."

"तेच तर!" म्हणाला आणि डोकं धरून निघून गेला. लाल पक्षाचं त्याला फार टेन्शन आलंय. आमच्यासारख्या गल्ल्यांत कसलं टेन्शन घ्यायचं? पेपरात सरळ लिहिलंय, बालेकिल्ला.

२ मे, शनिवार

आज किल्ली काढली.

गराजमध्ये गार होतं आणि वाइनच्या पिंपाचा वास होता. त्याची टोपी खुंटीला. मी डोळे मिटून आधी खिडकी उघडली. मागच्या वेलीला कोंब फुटले आहेत, अगदी बारीक.

मोठी भांडी पालथी घातलेली होती, तशीच. कोपऱ्यात मात्र घोंगडीखाली काहीतरी होतं. काढून पाहिलं तर नवीकोरी पातेली. तीन. सर्वांत मोठं माझ्या कमरेला लागतं. तळाला दुकानाचा कागद अजून चिकटलेला. मागच्या वसंतात तो बिजागऱ्या आणायला म्हणून गेला होता आणि दिवसभर आला नव्हता, तेव्हाचीच असणार.

म्हणजे त्याला खात्री होती! तीनदा पडलेल्या बाईसाठी माणूस कमरेएवढं पातेलं आणतो आणि बायकोला सांगतो बिजागऱ्या!

मला हसू यायला लागलं. एकटीच उभी राहून हसले. शेजारचं कुत्रं भुंकलं.

पातेली घासली. आत वाकावं लागतं, एकदा तर डोक्यासकट आत गेले. संध्याकाळी थोडा कोबी आणि हाडं आणून लहान पातेल्यात सूप करून पाहिलं. दालचिनी जास्त झाली. पुन्हा करीन.

११ मे, सोमवार

मतदान केलं. शाळेच्या व्यायामशाळेत आमचं केंद्र. रांग दारापर्यंत आली होती. दर वेळी म्हातारे दोन-चार दिसतात, आज आख्ख्या गल्ल्या आल्या होत्या. वॉकर घेऊन, चाकाच्या खुर्चीत बसून, चर्चचे कपडे घालून. मला पाहून एकेक जण मान लववत होता, कुणी छातीवर क्रूस काढत होतं. मी काळ्यात असते म्हणून दुःखाचा मान देतात.

आत पडद्यामागे मी पेन्सिल धरून उभी राहिले. खरं लिहायचं तर दीड महिन्यापूर्वी आयोना पडावी असं मला वाटत होतं. आज तसं काही वाटलं नाही. पातेली घासून झाली आहेत. आयोनाच्या नावापुढे फुली मारली, जरा दाबूनच. एका मताने काय होतंय म्हणा.

बाहेर आले तर अमान्सियो आत जाताना दिसला. कोटाला लाल बिल्ला होता, दारातल्या बाईने तो काढायला लावला. आत त्याला फार वेळ लागला. बाहेर आला तेव्हा चेहरा पांढराफटक. आभाळाकडे बघून बोट दाखवून म्हणाला, "आता तरी माझ्याशी भांडू नकोस."

मग माझ्याकडे वळला. "कोमाद्रे, मांस हाडासकट घेणार ना? बिनहाडाचं घेतलंत तर सूपला चव येत नाही, आधीच सांगतो."

"सूप असंही होणारच आहे. तुझी बाजू जिंकली तरी."

"हो, हो. जिंकणारच आमची बाजू," तो म्हणाला. बिल्ला लावायचा विसरून तसाच निघाला. हरण्याची धास्ती माणसाचं काय करते!

१२ मे, मंगळवार

आयोना निवडून आली. दोनशे सहा मतांनी.

सकाळी देओलिंदाने बेकरीच्या दारात उभं राहून घंटा वाजवली. पाव फुकट वाटला. आयोनाची बस आमच्या कोपऱ्यावर थांबली. आज शेवटची फेरी मागून घेतली होती म्हणे. तिने हॉर्न दाबून धरला आणि बसमधले लोक, ज्यांना काही माहीत नव्हतं तेसुद्धा, हात हलवायला लागले. मी टोपी घेऊन बाहेर गेले होते, एर्कुलानोची. का घेतली होती कोण जाणे. ती हलवली.

संध्याकाळी टीव्हीवर जाणकार लोक बसले होते. त्यांनी नकाशा दाखवला. काचेच्या इमारतींमधले तरुण भाडेकरू जागे झाले, घरभाड्याचा प्रश्न पेटला, म्हणून ग्लॅडविन पार्क फिरला. मला पटलं. एकाने विचारलं, "पण या जुन्या पोर्तुगीज गल्ल्या इतक्या कशा उलटल्या?" दुसरा म्हणाला, "याचं कारण अभ्यासावं लागेल." शिकलेली माणसं आहेत, शोधून काढतील.

अमान्सियो आला नाही. मी सूप घेऊन त्याच्याकडे गेले. तो अंगणात लाल पाट्या उपटत होता आणि शीळ घालत होता. मला पाहून शीळ बंद केली.

"वाईट वाटलं असेल तुला," मी म्हटलं.

"फार," तो म्हणाला, आणि सूपची वाटी हातातून ओढूनच घेतली.

३० मे, शनिवार

उद्या ट्रिनिटीचा रविवार, पवित्र आत्म्याच्या सणाचा शेवटचा दिवस. आज नवस फेडला. हात इतके दुखताहेत की अक्षर वाकडं येतंय, तरी लिहितेच.

गराजमध्ये पहाटेपासून चुली पेटवल्या. अमान्सियोने नळाची जोडणी करून थेट पातेल्यात पाणी आणलं आणि दिवसभर त्याची फुशारकी मारली. शिळा पाव देओलिंदाने दिला, ढीगच्या ढीग. ओडिलिया कांदे चिरून रडत होती. म्हणाली, "कांद्याने गं." मागच्या गल्लीत या टोकापासून त्या टोकापर्यंत टेबलं. लाल पक्षाचे, नारिंगी पक्षाचे, आणि निळ्या पक्षाचे जे चार आहेत तेही वाढायला उभे. काचेच्या इमारतींमधले तरुण आले. त्यांना वाटलं तिकीट असेल, पाकिटं काढून उभे राहिले. देओलिंदा ओरडली, "ठेवा ते! बसा! पोरांनो, जेवता का नाही तुम्ही, काय हे दंड, नुसत्या काड्या!"

सबंध मतदारसंघ आला नाही. पण पातेली तीनदा भरली.

आयोना भांडी उचलत होती. खासदारीणबाई म्हणून कुणी हाक मारली की मागे वळून कुणाला म्हणताहेत ते बघायची.

जेवणं अर्ध्यावर आली तेव्हा पाद्रे बेल्मिरोंनी चांदीचा मुकुट आणला. ज्याचा नवस, त्याने तो कुणाच्या तरी डोक्यावर ठेवायचा, अशी रीत. सगळ्यांना वाटलं, आयोना. आयोनालाही वाटलं असावं, तिने हात पुसले होते. मलाही सकाळपर्यंत तसंच वाटत होतं.

पण मला रांगेत मिस्टर रॉस्टन दिसले. हातात थाळी, एकटेच. आजूबाजूला दोन हात जागा मोकळी ठेवून लोक उभे होते, हरलेल्या माणसाभोवती ठेवतात तशी. एर्कुलानो दर निवडणुकीनंतर बेकरीत जायचा तेव्हा त्याच्याभोवतीही अशीच जागा असायची.

मी मुकुट घेऊन त्यांच्यापाशी गेले. "वाका जरा," म्हटलं.

ते गोंधळले. "मी? मॅडम, मी काय केलंय?"

"हरलात."

ते वाकले. मुकुट जरा मोठा होता, कानांवर बसला. मग आयोनाने टाळी वाजवली, तिच्या हसण्यासारखीच गडगडाटी, आणि मग सगळेच. मिस्टर रॉस्टन मुकुट सावरत जेवले. दोनदा वाढून घेतलं.

"हरल्याबद्दल मुकुट असेल," अमान्सियो मोठ्याने म्हणाला, "तर एर्कुलानोचे किती बाकी राहिलेत!" लोक इतके हसले की बाकं हलली. मीही हसले. काळ्या कपड्यांवर पांढरा एप्रन होता आणि त्यावर सूप, कोबी, सगळं सांडलेलं.

आवरताना सगळे गेल्यावर अमान्सियो पातेल्याला टेकून उभा राहिला. त्याने टोपी काढली. मिस्टर रॉस्टन गेले त्या दिशेला बघून गंभीरपणे म्हणाला, "कोमाद्रे, ऐका. पुढच्या वेळी हा माणूस निवडून आला, तर मी सबंध मतदारसंघाला..."

हाताशी पाव होता. तो मी त्याच्या तोंडात कोंबला.

गराजचं दार उघडंच ठेवलं आहे. पातेली वाळायला हवीत.